पॅरिस डेंजर की शिकागो? आधी सांगा, कुठला ‘क्राइम’?

कट्ट्यावर कुणीतरी रील दाखवतं. पॅरिसमध्ये जळणारी गाडी, पळणारी पोरं, खाली लाल अक्षरांत ‘फ्रान्स संपलं’. लगेच दुसरा म्हणतो, ‘अरे, अमेरिकेत शाळेत घुसून गोळ्या घालतात, ते बघ आधी!’ झालं, सुरू. ल पेन बरोबर की चूक, ट्रम्प बरोबर की चूक, लेफ्टनी वाट लावली की राइटनी. चहा थंड होतो. आणि वाद घालणाऱ्यांपैकी कुणी पॅरिसलाही गेलेलं नसतं, शिकागोलाही नाही.

वाद घालू नका, असं मी अजिबात सांगणार नाहीये. घाला. फक्त ज्या एका शब्दावर हा सगळा वाद उभा आहे ना, तो ‘क्राइम’ हा शब्द जरा उचलून खाली काय दडलंय ते बघा.

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार सकाळ. पॅरिसचं लुव्र म्युझियम उघडलेलं. चोर शिडी बसवलेला ट्रक घेऊन आले, खिडकी कापली, फ्रान्सच्या राजघराण्याचे दागिने उचलले आणि स्कूटरवरून पसार. सगळा खेळ दहा मिनिटांच्या आत. माल किती? सुमारे ८.८ कोटी युरोंचा. आणि जखमी किती? एकही नाही. गोळी सुटलीच नाही. याच लुव्रमधल्या कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१३ मध्ये पाकीटमारांना वैतागून काम बंद केलं होतं आणि म्युझियमला दार लावून घ्यावं लागलं होतं. म्हणजे पॅरिसमध्ये चोऱ्या होतात का? होतात, भरपूर होतात. मेट्रोत मोबाइल हातात धरून दारापाशी उभे राहिलात, तर तुम्हालाही तो अनुभव येऊ शकतो.

पण चोरी आणि जीव जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे फार सरळ वाटतं, पण वादात सगळ्यात आधी हेच विसरलं जातं. फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या दोन अभ्यासकांनी १९९७ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘क्राइम इज नॉट द प्रॉब्लेम’. नावातच मुद्दा आहे. त्यांनी न्यूयॉर्क आणि लंडन शेजारी ठेवून पाहिलं. चोऱ्या-घरफोड्यांत लंडन काही मागे नव्हतं. फरक होता तो त्यातून माणसं मरण्याच्या प्रमाणात, आणि तो फरक प्रचंड होता. अमेरिकेचा खरा प्रश्न गुन्हा नाही, जीवघेणी हिंसा आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता आकडे. फ्रान्सची लोकसंख्या साधारण ६.८ कोटी आणि वर्षाला खून हजाराच्या आसपास. म्हणजे लाखामागे दीड. अमेरिकेत २०२१ च्या वाईट काळात हे प्रमाण लाखामागे जवळपास सात होतं, २०२४ मध्ये ते पाचावर आलं. (आपल्याकडे एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात २.१ आहे. कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकलं.) असं का? एक मोठं कारण सगळ्यांना माहीत आहे: बंदूक. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकेत दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत. माणसं कमी, बंदुका जास्त! फ्रान्समध्ये शंभरामागे वीसेक, त्याही बऱ्याचशा शिकारीच्या नाहीतर नेमबाजीच्या. भांडण दोन्हीकडे होतं. एकीकडे ते नाक फुटण्यावर थांबतं, दुसरीकडे खिशात पिस्तूल असतं.

‘पण मार्सेयचं काय?’ असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. हे फ्रान्सचं बंदर, आणि ड्रग्जच्या टोळीयुद्धासाठी देशभर बदनाम. २०२३ मध्ये तिथे या टोळ्यांच्या मारामारीत ४९ जण मेले. त्यात कोवळी पोरंही होती. अख्खा फ्रान्स हादरला होता. लोकसंख्या साधारण पावणेनऊ लाख. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये, पावणेसहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरात, २६० च्या वर खून झाले. आणि गंमत म्हणजे बाल्टिमोरसाठी ती चांगली बातमी होती, कारण आधीची अनेक वर्षं तो आकडा तीनशेच्या वर असायचा. तुलना पुरती चोख नाही हां. मार्सेयचे ४९ फक्त ड्रग्जच्या भानगडीतले आहेत, बाल्टिमोरचे सगळे खून धरलेत. तरी अंतर दिसतंच.

मग फ्रान्समध्ये एवढी भीती कशाची? आणि तिथल्या निवडणुका याच मुद्द्यावर का तापतात? इथे आपण आकड्यांतून राजकारणात शिरतो.

२००२ ची फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ समाजवादी. बेकारी कमी केली की गुन्हे आपोआप कमी होतील असं समजण्यात आपण जरा भाबडेपणा केला, असं ते टीव्हीवर बोलून बसले. प्रचारात सगळीकडे एकच शब्द, ‘असुरक्षितता’. पहिल्या फेरीच्या मतदानाला दोन-तीन दिवस असताना ऑर्लियाँ शहरात सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना मारहाण झाली, त्यांचं घर पेटवलं गेलं. त्यांचा सुजलेला, रडवेला चेहरा टीव्हीवर पुन्हा पुन्हा दिसला. २१ एप्रिलला निकाल आला आणि सगळ्यांची वाचा बसली: अतिउजव्या नॅशनल फ्रंटचे ज्याँ-मारी ल पेन १६.८६ टक्के, जोस्पाँ १६.१८. जोस्पाँ बाहेर, ल पेन दुसऱ्या फेरीत. एका बातमीने हे घडवलं असं म्हणता येत नाही. पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते, डाव्यांची मतं वाटेल तशी फुटली होती. दुसऱ्या फेरीत जाक शिराक यांनी ८२ टक्के मतं घेऊन ल पेनना पाडलंही. पण मतदानाच्या तोंडावर टीव्हीने तो चेहरा इतका का दाखवला, यावर फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षं वाद झाला.

अमेरिकेत याच जातीची गोष्ट १९८८ मध्ये घडली होती. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस राष्ट्राध्यक्षपदाला उभे. त्यांच्या राज्यात कैद्यांना रजा मिळायची. विली हॉर्टन नावाचा, खुनाची शिक्षा भोगणारा कैदी रजेवर सुटला तो परतलाच नाही, आणि पुढे त्याने मेरिलँडमध्ये एका जोडप्यावर हल्ला केला, बलात्कार केला. जॉर्ज बुश सीनियर यांच्या समर्थकांनी त्या कृष्णवर्णीय माणसाचा फोटो लावून जाहिरात चालवली. बुश जिंकले. ती रजेची योजना मुळात एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती, हे जाहिरातीत अर्थातच नव्हतं.

मग दोन्ही देश एकमेकांचे किस्से उधार घेतात. जानेवारी २०१५ मध्ये ‘शार्ली एब्दो’वरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या फॉक्स न्यूजने पॅरिसमध्ये म्हणे पोलिसही पाय ठेवत नाहीत असे ‘नो-गो झोन’ आहेत, असं दाखवलं. फ्रेंच टीव्हीवर त्याची यथेच्छ टर उडवली गेली, पॅरिसच्या महापौर अ‍ॅन इदाल्गो कोर्टात खेचायची भाषा करू लागल्या आणि शेवटी फॉक्सला माफी मागावी लागली. तरी तेच ‘झोन’ आजही तुमच्या फोनवर येतात. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी बंदूकवाल्यांच्या संघटनेसमोर भाषण करताना बाताक्लाँचा हल्ला बोटांनी पिस्तूल करून दाखवला. तिथे एकाकडे जरी बंदूक असती तर, असा त्यांचा मुद्दा. नोव्हेंबर २०१५ च्या त्या रात्री पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली होती. फ्रेंच सरकारने स्पष्ट शब्दांत नाराजी कळवली.

आणि लेफ्ट-राइट? हे शब्दही विमानात बसले की बदलतात. फ्रान्समध्ये कडव्या उजव्या मानल्या जाणाऱ्या मरीन ल पेन यांच्या पक्षाने २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायला विरोध केला. सरकारी आरोग्यसेवा मोडा, असं तो म्हणत नाही. लोकांनी कमरेला पिस्तूल लावून फिरावं, असंही नाही. फाशीची शिक्षा फ्रान्सने १९८१ मध्ये रद्द केली. ती बंदी थेट राज्यघटनेत घातली गेली २००७ मध्ये, तेही उजव्या शिराक यांच्या काळात. फाशी रद्द करणारे कायदामंत्री रोबेर बादांतेर यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये पाँतेआँमध्ये, म्हणजे देशाच्या थोर माणसांच्या समाधिस्थळी, स्थान मिळालं. अमेरिकेत २७ राज्यांच्या कायद्यात मृत्युदंड अजून आहे. तेव्हा ‘फ्रान्सची राइट म्हणजे ट्रम्पच’ असं कुणी म्हटलं, तर कुठल्या मुद्द्यावर, एवढं विचारा.

मात्र ‘फ्रान्स किती सुसंस्कृत’ म्हणून टाळ्या वाजवायची घाईही नको. २७ जून २०२३ ला पॅरिसजवळच्या नॉन्तेरमध्ये १७ वर्षांच्या नाहेलला पोलिसाने गाडी थांबवून गोळी घातली. गाडी अंगावर येत होती, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. व्हिडिओत पोलीस गाडीच्या बाजूला उभा दिसला. पुढचे कित्येक दिवस शहरं पेटली. गाडी न थांबवणाऱ्यांवर गोळी झाडायचे नियम २०१७ मध्ये बदलले होते, आणि २०२२ या एका वर्षात अशा प्रसंगांत १३ जण मेले. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने वर्षाला हजाराच्या आसपास माणसं मरतात, त्यापुढे हा आकडा लहान. पण ‘नेहमी आमच्याच पोरांना का अडवता?’ हा प्रश्न मिनियापोलिसमध्येही तोच आणि नॉन्तेरमध्येही तोच.

अमेरिका या प्रश्नाचं उत्तर निदान मोजते. तिकडे आरोपी आणि बळी यांचा वंश नोंदवला जातो. फ्रान्समध्ये राज्याच्या लेखी सगळे फक्त ‘नागरिक’; अशी नोंद ठेवायला कायद्याने जवळपास मनाई आहे. तत्त्व सुंदर आहे, पण माझ्या मते त्यामुळे रिकामी राहणारी जागा अफवा भरून काढतात. २०१७ मध्ये तिथल्या हक्क-संरक्षक कार्यालयाने लोकांनाच विचारून पाहिलं, तेव्हा कळलं: अरब किंवा कृष्णवर्णीय समजल्या जाणाऱ्या तरुण मुलग्यांची पोलिसांकडून तपासणी होण्याची शक्यता इतरांपेक्षा २० पट.

अजून एक फसवी गोष्ट. फ्रान्समध्ये २०१७ नंतर लैंगिक अत्याचारांच्या नोंदी खूप वाढल्या. रीलवाला म्हणेल, बघा, देश बुडाला. पण मी-टूनंतर मुली तक्रार करायला पुढे आल्या, हेही त्यामागचं मोठं कारण आहे. पोलिसांत काय लिहिलं गेलं आणि लोकांसोबत काय घडलं, यात नेहमी अंतर असतं. म्हणूनच दोन्ही देशांत थेट लोकांना विचारणारी सर्वेक्षणं होतात. खुनाचं तसं नसतं, मृतदेह सहसा लपत नाही. तुलना करायचीच तर खुनाचा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा, तो यामुळेच.

हे सगळं तुम्हाला कशाला? कारण तुमच्यातल्या कितीतरी जणांना जायचंय. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. फ्रान्सला २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी हवेत, हे मॅक्राँ यांनी जाहीर केलंय. अ‍ॅडमिशनचा मेल आला की घरी पहिला प्रश्न, ‘तिकडे सेफ आहे का गं?’ आणि त्याच संध्याकाळी काका फॅमिली ग्रुपवर तीच जळती गाडी टाकणार. त्यांना देशाची सरासरी सांगून उपयोग नाही. अमेरिकेतल्या एकाच शहरात दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बऱ्याच शहरांचे पोलीस गुन्ह्यांचे नकाशे ऑनलाइन टाकतात, काही ठिकाणी अगदी गल्लीनिहाय. फ्रान्सचं गृहखातं गावनिहाय आकडे देतं. रूम बुक करायच्या आधी तो पत्ता त्यात शोधा, आणि रात्री लायब्ररीतून परतायचा रस्ताही. फुकट आहे सगळं. आईबाबांना शेजारी बसवून दाखवा. काकांनाही.