मनीच्या अंगावर चट्टे अन् घरात औषधांचे प्रयोग

पावसाळ्यात घरातील मांजर एकसारखे अंग चाटू लागते, शेपटीच्या मुळाशी टक्कल दिसू लागते आणि उपायांना सुरुवात होते. आजी म्हणते खोबरेल लावा, शेजारी सांगतात रॉकेल चोळा, कोणी बादलीत फिनेल कालवून अंघोळच घालते. कुत्र्याच्या पिसवांचे औषधही आणले जाते. यातील खोबरेल तेवढे निरुपद्रवी. बाकीचे जिवावर बेतू शकते.

मांजर अंगाला लागलेले सारे चाटून पोटात घेते. शिवाय कित्येक रसायने निकामी करण्याची जी शक्ती कुत्र्याच्या वा आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फारच कमी. कुत्र्यांच्या पिसवांवरील अनेक औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराला मात्र काही तासांतच थरथर सुटते, झटके येतात आणि वेळीच उपचार न झाल्यास ते दगावते. चुकून लावलेच असेल तर कोमट पाणी व भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन तातडीने डॉक्टर गाठावा. (विषय निघालाच आहे म्हणून: पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.)

केस जाण्यामागे बहुधा पिसवाच असतात. त्या दिसतातच असे नाही. उवांच्या बारीक फणीने पाठ विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पिसवांची अंडी मात्र अंथरुणात, फरशीच्या फटीत असतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि घरातील सर्व प्राण्यांना एकाच वेळी, ज्याचे त्याचे औषध देणे भाग आहे.

पिल्लांच्या तोंडावर, कानांवर, पंजांवर कोंडा धरलेले गोल चट्टे दिसले तर गजकर्णाचा संशय घ्यावा. कन्नडमध्ये यालाच हुळुकड्डी म्हणतात. नावात ‘हुळू’ असला तरी हा किडा नव्हे, बुरशी आहे. ती मुलांना लागते आणि मग घाबरलेल्या घरातून पिल्लू पोत्यात घालून गावाबाहेर सोडले जाते. अशी पाळी येण्याचे खरे तर कारण नाही. हा रोग बरा होतो. फक्त उपचार काही आठवडे नेटाने चालू ठेवावे लागतात. तोवर पिल्लाला एका खोलीत ठेवावे, हात धुवावेत आणि गळालेले केस रोज उचलावेत, कारण त्या केसांतील बुरशी वर्षभराहूनही अधिक काळ टिकते. मुलांच्या अंगावर चट्टे उठले तर त्यांना त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. दुकानातील स्टेरॉइड मिसळलेली मलमे मुलांनाही नकोत अन् मांजरालाही.

कानाच्या कडेला जाड खपल्या आणि असह्य खाज असेल तर ती खरूज. आणि कातडी स्वच्छ असून पोटावरचे केस खुरटे, तुटलेले दिसत असतील तर मांजर स्वतःच ते चाटून काढत असते. घर बदलणे, नवे मांजर येणे, मूत्राशयाचे दुखणे, असे काहीही त्यामागे असू शकते. इथे मलमाचा उपयोग नाही.

डॉक्टरांकडे तुरिके कधीपासून आहे ते सांगाच, पण घरी काय काय लावले तेही न लाजता सांगा. फिनेलसुद्धा.