एकाने धरायचं, एकाने करायचं

भिंतीला ओल आली की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. त्याची गरज असते, पण सगळ्यात शेवटी. पाणी कुठून येतंय हे कळायच्या आत चढवलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे धरतो, आणि बोल लागतो रंगाऱ्याला. आमच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. इमारत कोथरूडमधली, नव्वदच्या दशकात बांधलेली. त्या काळी पाण्याचे पाइप जीआयचे असत आणि ते भिंतीतच गाडलेले असत. लोखंडावरचं जस्त झिजलं की पाइप आतून गंजतात, सांध्यांतून झिरपायला लागतात. त्यामुळे भिंतीवर ओलीचा डाग दिसला तेव्हा पहिला संशय पाइपवरच गेला.

एवढ्याशा कामाला माणूस मिळत नाही, हा अनुभव शहरात राहणाऱ्या बहुतेकांना असेल. एक भिंत, चार फरशांचे सांधे, एखादी फळी. येणाऱ्याचा जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडतो, मजुरी हातात पडते दोन तासांची. त्याने का यावं? त्याचं गणित अगदी बरोबर आहे. म्हणून नवऱ्याने आणि मी ठरवलं की ही कामं आपणच करायची. त्यातही दोन गोष्टी पहिल्या दिवशीच बाजूला काढल्या. भिंतीच्या आतली वायरिंग आणि इमारतीची बाहेरची बाजू यांना आपण हात लावायचा नाही. त्यासाठी शिकलेली माणसं असतात, आणि चूक झाली तर ती जिवावर बेतते.

पाण्याचा माग काढायला दोन माणसं लागतात, हे आधी लक्षात येत नाही. आम्ही ते बाथरूम काही दिवस वापरलंच नाही आणि ओलीची कड पेन्सिलने आखून ठेवली, शेजारी तारीख-वेळ. दाबाखालचा पाइप गळत असता तर बाथरूम बंद असूनही डाग जागचा हलला नसता. तो हळूहळू फिका पडत गेला. पाइपवरचा संशय तिथेच कमी झाला. मग नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवलं आणि चोवीस तास तसंच राहू दिलं. पलीकडे काही नाही. म्हणजे जमीनही शाबूत होती. उरल्या भिंतीवरच्या फरशा. नवरा आत उभा राहून एकेका पट्ट्यावर शॉवर धरत होता आणि मी बेडरूममध्ये भिंतीला हात लावून बसले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नळाच्या उंचीवरच्या एका सांध्यावर पाणी पडत राहिलं आणि पेन्सिलच्या रेघेच्या आत भिंत थोडी गार लागायला लागली. डोळ्यांना डाग दिसला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने.

हा शोध एकट्या माणसाला लागला नसता. पाणी सोडणाऱ्याला पलीकडची भिंत दिसत नाही, आणि पलीकडे बसलेल्याला पाणी नेमकं कुठे पडतंय ते कळत नाही. यातलं बसून राहणं हेसुद्धा काम आहे. घरातल्या कामांच्या हिशेबात ते धरलंच जात नाही. माझ्या मते दोघांनी मिळून केलेल्या कामात जी धुसफूस होते, तिचं मूळ इथे आहे. जो हत्यार चालवतो त्याने काम केलं असं मानलं जातं. जो शिडी धरतो, बॅटरी धरतो, बघतो आणि शेवटी केर काढतो, त्याने नुसती मदत केली असं म्हटलं जातं.

फरशांचे सांधे खरवडून आम्ही इपॉक्सी ग्राउट भरलं. त्यात रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की घड्याळ सुरू होतं. थोड्याच वेळात ते घट्ट व्हायला लागतं आणि फरशीवर राहिलेला पापुद्रा वाळला तर सहज निघत नाही. म्हणून एकाने सांध्यांत दाबून भरत पुढे जायचं आणि दुसऱ्याने मागोमाग ओल्या स्पंजने फरशी पुसत यायचं. पुसणारा मागे पडला की भरणाऱ्याने थांबायचं. इथे वेग पुसणाऱ्याने ठरवायचा असतो. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरायचं नाही, तिथे सिलिकॉन लावायचं. कारण तो कोपरा थोडा हलत असतो आणि कडक माल तिथे तडकतो.

पाणी थांबलं तरी भिंत लगेच वाळत नाही. प्लास्टरमधून पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, आणि पाणी उडून गेलं की पृष्ठभागावर पांढरी लव उरते. तिला लोणा म्हणतात. लोणा पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतो. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. फुगलेलं, हात मारला की पोकळ वाजणारं प्लास्टर आम्ही छिन्नीने काढून टाकलं. आणि मग वाट पाहिली. पुण्यात पाऊस परतल्यावर ऑक्टोबरचं जे कोरडं ऊन पडतं, ते भिंतींसाठी फार मोलाचं असतं. आपल्याकडे रंगकाम दसरा-दिवाळीच्या आसपास काढायची रीत आहे. तिला सणाचं कारण आहेच, पण ऋतूचंही आहे.

भिंत वाळेपर्यंतच्या त्या काळात आम्ही स्वयंपाकघरात लांब फळी लावली. रविवार पेठेत बोहरी आळीत सामान घ्यायला गेलो. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं नवऱ्याकडे बघून देत होता. कितीचं बिट, कितीची गिट्टी, स्क्रू केवढा, सगळं त्यालाच. शेवटी नवरा म्हणाला, “अहो, ड्रिल त्या चालवणार आहेत, त्यांना सांगा.” त्यानंतर मात्र दुकानदाराने मला फार नीट समजावून सांगितलं. गिट्टी आठची तर बिटही आठचंच. भोक मोठं झालं की गिट्टी आत फिरत राहते आणि स्क्रू कधीच आवळत नाही. हे आणि असं बरंच.

लांब फळी समतल लावायची तर गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी अजूनही उत्तम. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही तोंडं उघडी ठेवायची. एकाने आपल्याकडची पाण्याची पातळी पहिल्या खुणेवर आणून धरायची, दुसऱ्याने पलीकडे पाणी स्थिर झाल्यावर रेघ मारायची. हे हत्यार मुळात दोन माणसांसाठीच आहे. तिथे मदतनीस कुणीच नसतो. दोन्ही टोकांना सारखंच लक्ष लागतं.

ड्रिल मी घेतलं. आधी स्विचबोर्ड कुठे आहेत ते पाहिलं, कारण वायरी बहुधा बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जातात आणि त्या रेषेत भोक पाडणं धोक्याचं असतं. त्या खोलीची एमसीबी खाली केली आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर ओढली. बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळली. भिंतीतून काय बाहेर येतंय यावर लक्ष ठेवायचं असतं. भुकटी लाल आली की विटेत गेलो, राखाडी आली आणि बिट हळू झालं की काँक्रीट. एकदम काही कडक लागून बिट पुढे जाईनासं झालं तर आत सळई असू शकते. मग जोर लावायचा नाही, जागा बदलायची.

ड्रिल धरलेल्या माणसाला ते डावी-उजवीकडे कलतंय का हे कळतं. वर-खाली कलतंय का, हे मात्र नीट कळत नाही, कारण तो त्याच्या मागे उभा असतो. ते बाजूला उभ्या असलेल्यालाच दिसतं. नवरा भिंतीला जवळजवळ गाल टेकवून उभा होता. एका हाताने भोकाखाली कागदाचा खिसा धरलेला, दुसऱ्या हातात बॅटरी.

“वर जातंय. अजून. हां, आता सरळ आहे, दाब.”

एवढंच बोलणं. पण त्यावर माझा पूर्ण भरवसा होता, कारण त्याला दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. फळीची सगळी भोकं काटकोनात पडली. भुकटी कागदात जमा झाली, ओट्यावर थोडीशीच सांडली. ड्रिल चालवताना किती ताकद लागते आणि मनगट किती शांत ठेवावं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि बाजूला उभं राहून नजर न हलवता बघणं किती थकवतं हे त्याला कळलं.

भिंत वाळली की नाही हे ठरवायला एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दिवस-दोन दिवस ठेवायचा. काढताना प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर पाणी अजून भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे. आमचं प्लास्टिक दोन्ही बाजूंनी कोरडं निघालं, तेव्हा मग गिलाव्याची डागडुजी केली. तीही पुन्हा पाणी मारून पक्की करायची आणि पुन्हा वाळू द्यायची. नव्या प्लास्टरला रंगाआधी साधारण अठ्ठावीस दिवस द्यावेत असं सांगतात, आणि तेवढी सवड दिलेली बरी.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम म्हणजे लांबी. आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं रंग देणारे एक मामा आहेत. त्यांनी आम्हाला पत्रा धरायला शिकवलं. पूर्वी चॉक पावडर आणि तेलाची लांबी घोटत, आता व्हाइट सिमेंटची पुट्टी मिळते, पण मामा तिलाही लांबीच म्हणतात. पुट्टी चक्क्यासारखी व्हायला हवी, पत्र्यावरून गळता कामा नये. पत्रा भिंतीशी थोडा तिरका धरून एकाच दाबाने ओढायचा, मधे थांबायचं नाही. थांबलात की तिथे कड उठते. पहिला हात खड्डे भरण्यासाठी, दुसरा आडवा, भिंत एकसारखी करण्यासाठी. मग पॉलिश पेपर.

समोरून पाहिलं तर प्रत्येक भिंत सपाटच वाटते. मामांनी खोलीतले दिवे बंद करायला लावले आणि बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपा उजेड टाकला. त्या उजेडात सगळे उंचवटे, खोलगट जागा, पत्र्याच्या कडा सावल्या टाकायला लागल्या. एकाने बॅटरी सरकवत न्यायची, दुसऱ्याने पेन्सिलने खुणा करायच्या, आणि मग फक्त तेवढंच घासायचं. इथेही बॅटरी धरणारा जेवढं बारकाईने बघेल तेवढीच भिंत चांगली होते. मामा म्हणाले, पन्नास टक्के काम उजेडाचं. त्यांच्या हाताखालच्या पोराला ते सहसा आधी बॅटरीच देतात.

प्रायमर आणि रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकाने कडा आणि कोपरे ब्रशने काढायचे, दुसऱ्याने रोलर घेऊन कड ओली असतानाच तिला येऊन मिळायचं. कड वाळल्यावर रोलर फिरला तर वाळल्यानंतर तिथे पट्टा उमटतो.

याच ओघात आम्ही बेडरूमच्या जुन्या दारालाही हात घातला, आणि त्याबद्दल मला काळजीने सांगावंसं वाटतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवर जो ऑइल पेंट आहे, त्यात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर उडते. ती लहान मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीवर घाव घालते. आम्ही दार पाणी मारून, ओलं ठेवूनच घासलं. तोंडावर चांगला मास्क लावला. खाली पडलेला चोथा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने गोळा केला आणि ती फडकी पुन्हा वापरली नाहीत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम चालू असेपर्यंत त्यांनी त्या घरात न राहिलेलंच बरं.

पुसायचं, झाडायचं, गोळा करायचं काम आमच्याकडे आता आधी वाटून घेतलं जातं. हत्यार कोण चालवणार हे ठरतं त्याच वेळी केर कोण काढणार हेही ठरतं. आणि जो हत्यार चालवतो तोच केर काढतो. हा नियम नवऱ्याने सुचवला. धूळ कुणी काढायची हे आधीच माहीत असलं की ड्रिल चालवणारा भोकाखाली कागद धरायला सांगायला विसरत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरं ठरलं.

तुमच्या घरात ड्रिल असेल तर ते बहुधा एकाच माणसाच्या हातात असतं. पुढचं भोक पाडायची वेळ आली की ते त्या माणसाकडे द्या, ज्याने आजवर फक्त बॅटरी धरली आहे. आणि तुम्ही बाजूला उभे राहून ते सरळ जातंय की नाही ते बघा.