एक फुलदाणी, अनेक हात

औषधाची बाटली, लोणच्याची बरणी, पाण्याचा पेला या काचेच्या वस्तू आज यंत्रावर तयार होतात. पण काही कार्यशाळांत कारागीर अजूनही तोंडाने फुंकून काचेला आकार देतात. ही युक्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर सापडली. पुढे सीरिया व इजिप्तमधील कारागिरांनी याच रीतीने मशिदींसाठी नक्षीदार दिवे बनवले.

युरोपात ही कला इटलीतील व्हेनिस शहरात भरभराटीला आली. आग लागण्याच्या भीतीने तेथील सरकारने १२९१ साली सर्व भट्ट्या शहराजवळच्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या. हुन्नर परक्यांच्या हाती लागू नये म्हणून कारागिरांना राज्य सोडून जाण्याचीही मनाई होती.

१९६८ साली डेल चिहुली हे अमेरिकन तरुण मुरानोच्या व्हेनिनी कारखान्यात शिकायला गेले. कलावंताने लहानशी भट्टी लावून एकट्याने काच फुंकावी, असा विचार त्या वेळी अमेरिकेत रुजू लागला होता. मुरानोत मात्र प्रत्येक भट्टीपुढे एक उस्ताद आणि त्याचे साथीदार मिळून काम करत होते.

मोठे भांडे एकट्याला का जमत नाही, ते पाहू. वाळू, सोडा आणि चुना वितळवून काच बनते. भट्टीत सुमारे अकराशे अंश सेल्सिअसला ती मधासारखी दाट असते. चुलीच्या फुंकणीसारखी, पण चार-पाच फूट लांब अशी लोखंडी नळी तिच्यात बुडवून फिरवली, की टोकाला काचेचा गोळा चिकटतो. तो गुळगुळीत लोखंडी मेजावर लाटतात आणि नळीतून फुंक मारतात. आत बुडबुडा फुगतो.

आता कोणाला उसंत नाही. नळी फिरायची थांबली, की काच एका बाजूला लोंबते. उस्ताद बाकावर बसून एका हाताने नळी फिरवत राहतो. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची भिजवलेली जाड घडी असते. होय, साधे वर्तमानपत्र! तिने तो तापलेला गोळा घोटतो. ओल्या कागदाची वाफ होत असल्याने हात भाजत नाही. पण मग फुंकणार कोण? नळीच्या दुसऱ्या टोकाशी गुडघे टेकून बसलेला शागीर्द. उस्ताद म्हणेल तेव्हा फुंकायचे, म्हणेल तेव्हा थांबायचे. फुंक जोराची झाली, तर भांड्याची भिंत नको तितकी पातळ होते. तिसरा साथीदार लाकडी फळी आडवी धरून उस्तादाचा हात आचेपासून वाचवतो. काच निवू लागली, की ती पुन्हा तापवावी लागते. त्या भट्टीचे दार उघडायला चौथा उभा असतो.

सर्वांत अवघड क्षण पुढेच आहे. भांड्याचे तोंड घडवण्यासाठी ते नळीपासून सोडवावे लागते. त्याआधी पाचवा जण एका कांबीच्या टोकावर थोडी तप्त काच घेऊन ती भांड्याच्या बुडाला चिकटवतो. नळीजवळच्या अरुंद मानेवर पाण्याचे थेंब सोडून हलका ठोका दिला, की भांडे नळीपासून सुटते. कांब नीट चिकटली नसेल, तर सर्वांची मेहनत जमिनीवर! तयार भांडे एका तापलेल्या पेटीत ठेवून हळूहळू निववतात. जाड भांड्याला तर कित्येक दिवस लागतात. घाई केली, तर बाहेरची काच आतल्या काचेच्या आधी आकसते आणि भांडे तडकते.

मायदेशी परतल्यावर चिहुली यांनी गटाने काम करण्याची ही रीत स्वीकारली. १९७१ साली सिएटल शहराजवळ काचकलेची शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९७६ साली इंग्लंडमध्ये त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. मोटारीच्या काचेने चेहरा फाटला आणि डावा डोळा गेला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. (एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा.) तरीही ते काच फुंकत राहिले. १९७९ साली समुद्राच्या लाटांवर खेळताना त्यांचा खांदा निखळला, तेव्हा मात्र त्यांनी नळी साथीदारांच्या हाती दिली. ते कोळशाने आणि रंगांनी चित्र काढून दाखवू लागले. ते पाहून साथीदार काच घडवत. पुढे त्यांच्या कलाकृती अधिकच मोठ्या होत गेल्या.

मग ती कलाकृती कोणाची? चिहुली यांनी ती फुंकलीच नाही, म्हणून काहींना हे खटकते. त्यावर उत्तर मिळते, की इमारतीलाही नकाशा काढणाऱ्याचेच नाव मिळते, गवंड्याचे नाही. मला हे उत्तर पुरते पटत नाही. भिंत नकाशाप्रमाणे उभी राहते. तापलेली काच मात्र क्षणाक्षणाला बदलते आणि तिचे काय करायचे, ते उस्तादाला तिथल्या तिथे ठरवावे लागते.

मुरानोचे नामवंत उस्ताद लिनो ताल्यापिएत्रा १९७९ साली त्या अमेरिकन शाळेत शिकवायला गेले. आपल्या बेटाचा हुन्नर त्यांनी परक्यांना मोकळेपणाने शिकवला. १९८८ साली चिहुली यांनी 'व्हेनेशियन' नावाची मालिका सुरू केली, तेव्हा उस्तादाच्या बाकावर ताल्यापिएत्रा बसले होते. त्या कलाकृतींची माहिती देताना त्यांचेही नाव घेतले जाते. गुडघे टेकून फुंकणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच वाचायला मिळतात.