टेन्शन घेतल्याने कॅन्सर होतो का? मज्जातंतू आणि गाठीचं नातं समजून घ्या

घरात कुणाला कॅन्सर निघाला की भेटायला आलेल्यांपैकी एकजण तरी म्हणतोच, "फार टेन्शन घ्यायचे ना, म्हणून झालं." आता तर 'कॅन्सरचा मज्जातंतूंशी संबंध सापडला' असे फॉरवर्डही फिरतात. संबंध खरंच सापडला आहे. पण तो टेन्शनचा पुरावा नाही.

गाठीला वाढायला रक्तपुरवठा लागतो, तशी मज्जातंतूंचीही मदत होते. २०१३ मध्ये क्लेअर मॅग्नॉन आणि पॉल फ्रेनेट यांच्या गटाने हे उंदरांमधल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये दाखवलं. धोका दिसला की छाती धडधडायला लावणारी जी मज्जासंस्था असते, तिचे प्रोस्टेटकडे जाणारे तंतू नष्ट केल्यावर गाठ नीट मूळ धरेना.

मेंदूतल्या ग्लिओमा या कॅन्सरची तऱ्हा आणखी वेगळी. निरोगी मेंदूपेशी एकमेकींशी जशा जोडलेल्या असतात, तशीच जोडणी त्या कॅन्सरच्या पेशींशीही करतात, हे २०१९ मध्ये स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्ग इथल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे मेंदूचे विद्युत संदेश थेट गाठीपर्यंत जातात आणि तिची वाढ होते!

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर भरपूर. अशा रुग्णाच्या ऑपरेशननंतरच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' किंवा 'पीएनआय' असा उल्लेख दिसेल. त्याचा अर्थ, कॅन्सर मज्जातंतूच्या कडेने शिरला आहे. रेडिएशन द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर ही ओळ बघतात, तेव्हा तुम्हीही त्याबद्दल जरूर विचारा.

मग टेन्शनचं काय? हे तंतू शांत माणसाच्या शरीरातही दिवसरात्र काम करत असतात. शिवाय गाठ वाढायला मदत होणं वेगळं आणि कॅन्सर सुरू होणं वेगळं. युरोपातल्या १ लाख १६ हजार लोकांच्या माहितीवरून २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. कामाच्या ताणाचा आतडं, फुप्फुस, स्तन किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध त्यात आढळला नाही. रुग्णाला आधीच काय कमी सोसावं लागतं, की त्यात हा दोषही त्याच्याच माथी मारायचा?

मज्जातंतूंचे हे संदेश अडवणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपीची औषधं कॅन्सरमध्ये उपयोगी पडतील का, याच्या चाचण्या सुरू आहेत. मात्र डॉक्टरांना न विचारता ती सुरू करू नका. दम्याच्या रुग्णाला ही गोळी घातक ठरू शकते.