बिळांचा हिशेब

खडकवासल्याहून निघालेला मुठेचा नवा उजवा कालवा पुणे शहर मागे टाकून लोणी काळभोर, उरुळी कांचन या मार्गाने यवतच्या शिवारात येतो आणि दौंड तालुका ओलांडून इंदापूरकडे जातो. त्याचे आवर्तन सुटले म्हणजे उसाला जसा तजेला येतो, तशीच त्या उसाच्या आश्रयाने नांदणाऱ्या घुशींचीही चंगळ सुरू होते. वर्ष-दीड वर्ष न हलणारे पीक, बुंध्याशी गोड रस, जवळच बारमाही ओलावा आणि उकरावयास मऊ असा मातीचा बांध, एवढी तजवीज आपणच करून ठेवल्यावर, गर्भावधी जेमतेम तीन आठवड्यांचा आणि पोहण्यात तरबेज असलेल्या या प्राण्याने वसाहत न थाटली तरच नवल.

घूस ऊस कुरतडते, त्या नुकसानीचा अंदाज शेतकऱ्याला सहज येतो. परंतु ती कालव्याच्या भरावात शिरते तेव्हा मामला निराळा होतो. भरावातून पाणी झिरपतच असते, मात्र मातीच्या जाडीतून लांबचा प्रवास करावा लागल्याने त्याचा जोर ओसरतो. बिळाने तो प्रवास आखूड केला की झिरपणारे पाणी मातीचे बारीक कण सोबत नेऊ लागते, पोकळी रुंदावते आणि वरून अभंग दिसणारा बांध आतून पोखरला जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलानजीक हाच कालवा फुटून शेकडो घरांत पाणी शिरले, तेव्हा तत्कालीन जलसंपदा मंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्याकडे बोट दाखविले. लोकांनी त्याची थट्टा केली. शास्त्रदृष्ट्या ते कारण अशक्य नव्हते; परंतु भराव एका रात्रीत पोखरला जात नाही, आणि म्हणूनच घुशीवर ठेवलेला ठपका अखेर देखभाल करणाऱ्या खात्याच्याच दारात येऊन पोहोचतो.

उंदीरवर्गीयांनी पाणथळ भूमीची नासाडी करावी आणि सरकारने त्यांच्यामागे लागावे, हा प्रकार जगास नवा नाही. दक्षिण अमेरिकेतील कॉयपू नावाचा, मांजराएवढा, पाण्यात राहणारा प्राणी केसाळ कातड्याच्या व्यापारासाठी इंग्लंडात आणि अमेरिकेत नेला गेला, पिंजऱ्यांतून निसटला आणि दलदलीतील वनस्पती मुळांसकट खाऊ लागला. मुळे गेली की माती सुटते, आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर अशा रीतीने पाणथळ जमिनीच्या जागी नुसते उघडे पाणी राहिले. तेथील सरकारने २००२ पासून दर शेपटीमागे चार डॉलर इनाम लावले, पुढे ते पाच आणि सहा डॉलरांवर नेले. नासाडी आटोक्यात आली, पण कॉयपू उरलाच, कारण शेपटीवर पोट असणाऱ्याला शेवटची शेपटी हाती लागणे परवडत नाही. इंग्लंडने १९८१ साली चोवीस पारध्यांना वेतनावर नेमले, दहा वर्षांची मुदत घातली आणि प्राणी समूळ नाहीसा करून काम मुदतीआधी संपविल्यास भरघोस बक्षिसी कबूल केली. ते दशक सरण्यापूर्वी तेथील कॉयपू संपला.

मोजमाप कशाचे करावे हा प्रश्न आपल्या सरकारदरबारीही एकदा मोठ्या विनोदी रीतीने उपस्थित झाला. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत, मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याच्या नोंदीवर सवाल केला, आणि नंतर खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा होता!

यवतची घूस कॉयपूसारखी परदेशी पाहुणी नव्हे. ती येथलीच असल्यामुळे तिचे समूळ उच्चाटन संभवत नाही आणि इष्टही नाही, कारण धामण आणि गव्हाणी घुबड यांचे पोट तिच्यावर चालते. भरावापुरता बंदोबस्त मात्र शक्य आहे. त्याची पद्धत कृषिशास्त्रज्ञांनी घालून दिलेली आहे: सायंकाळी सगळी बिळे बुजवावीत, सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिती समजावीत, दोन-तीन दिवस बिनविषारी आमिषाची चटक लावावी आणि मग दोन टक्के झिंक फॉस्फाइड मिसळलेले धान्य बिळात खोल ठेवावे. त्यातून वाचलेली घूस ते आमिष पुन्हा तोंडात धरीत नाही, म्हणून काही दिवसांनी निराळ्या विषाची, बहुधा ब्रोमॅडिओलोनची, दुसरी फेरी करावी लागते. अडचण हद्दीची आहे. भराव जलसंपदा खात्याचा, ऊस शेतकऱ्याचा आणि सल्ला कृषी खात्याचा. तिघांनी तीन निरनिराळ्या आठवड्यांत काम केले तर घूस केवळ मुक्काम बदलते. दोन आवर्तनांमधल्या कोरड्या दिवसांत बांध आणि लगतचा ऊस एकाच वेळी हाती घेऊन, अखेरीस पुन्हा सारी बिळे बुजवून दुसऱ्या सकाळी त्यांतली किती उकरली गेली हे मोजावे. किती विष वाटले याच्या ऐवजी तेवढा एक आकडा, पाणी सोडण्याच्या हुकमापूर्वी, दप्तरी दाखल व्हावयास हवा.