लढाऊ जेटचे प्लास्टिक मॉडेल : लोहगावचे सुखोई, कामशेतची हवा (लेखांक ७)

प्लास्टिकचे स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची, एकाच ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली आणि सुट्या भागांतून जोडलेली प्रतिकृती. यातला ‘एकाच प्रमाणात’ हा भाग कळीचा. लोहगड-विसापूरच्या पायथ्याच्या गावांत मुले दिवाळीचा किल्ला करतात तेव्हा पहारेकरी मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि त्यात कुणालाच वावगे वाटत नाही. स्केल मॉडेलला ही मोकळीक नाही. लढाऊ विमानांसाठी १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणे रूढ आहेत. पहिले फूट-इंचाच्या हिशेबातून आले आहे : खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलवरचा एक इंच. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने प्लास्टिकचे विमानसंच विकायला काढले ते याच प्रमाणात होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने विमान ओळखण्याच्या शिक्षणासाठी शाळकरी मुलांकडून लाकडी मॉडेले करवून घेतली, तीही १/७२ चीच.

पुणे जिल्ह्यातल्या हौशी माणसाने लढाऊ जेट करायचे म्हटले की पहिले नाव सुखोई-३० चे निघते. मावळातल्या कामशेतपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या लोहगाव तळावर १९९७ मध्ये सुखोई-३० के जातीची पहिली विमाने हवाई दलाच्या २४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आली. कॅनार्ड म्हणजे पुढचे छोटे पंख आणि दिशा बदलणारी इंजिन-नोझल असलेले एमकेआय हे रूप २७ सप्टेंबर २००२ रोजी त्याच तळावर २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. पुढे नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याचे परवाना-उत्पादन सुरू झाले. हे विमान २१.९ मीटर लांब आहे आणि पंखांचा विस्तार १४.७ मीटर. १/७२ मध्ये लांबी साधारण ३०.५ सेंटीमीटर भरते, १/४८ मध्ये ४५.७. मोठ्या प्रमाणात तपशील सुखाने करता येतो, पण वन-रूम-किचनमध्ये तीन-चार सुखोई ठेवायला जागा कुठून आणणार? म्हणून १/७२ बरे. ज्याने आयुष्यात एकही मॉडेल केलेले नाही त्याने मात्र सुखोईला हात घालू नये. ओझरलाच बांधल्या गेलेल्या आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निरोप घेतलेल्या मिग-२१ पासून सुरुवात करावी. त्याचे धड जवळजवळ सरळ नळीच आहे आणि १/७२ मध्ये पंखांचा विस्तार जेमतेम दहा सेंटीमीटर, त्यामुळे चुकले तरी नुकसान थोडे.

किट परदेशी असते आणि बहुधा परदेशी हवाई दलाच्या खुणांसह येते. रशियाच्या झ्वेज्दा कंपनीचे १/७२ सुखोई-३० एसएम हे त्यातल्या त्यात सोयीचे, कारण एसएम हे रूप भारतासाठी घडवलेल्या एमकेआयवरूनच रशियाने स्वतःसाठी तयार केले. त्यामुळे कॅनार्ड, दोन आसने, नोझल हे सारे जागच्या जागी मिळते. भारतीय खुणा वेगळ्या मिळवाव्या लागतात : बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असे वर्तुळ, शेपटीवरचा तिरंगी पट्टा आणि ‘एसबी’ या अक्षरांनी सुरू होणारा विमानाचा क्रमांक.

इथे खरे काम सुरू होते ते कागदावर. ‘सुखोई-३०’ असे मोघम विमान कुठेच नसते. अमुक क्रमांकाचे, अमुक स्क्वाड्रनचे, अमुक सालातले विमान असते, आणि मॉडेल त्याचेच करायचे. पंखाखाली काय टांगायचे हेही साल ठरवते. ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र सुखोईवरून पहिल्यांदा सोडले गेले मे २०१४ मध्ये आणि ‘ब्राह्मोस’ नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणून २००३ सालच्या लोहगावच्या विमानाखाली यातले एकही लावले तर जाणकार पाहुणा पहिल्या मिनिटाला बोट ठेवतो. छायाचित्रे मिळवतानाही भान ठेवावे लागते. पुण्याचे नागरी विमानतळ आणि हवाई दलाचा तळ एकच धावपट्टी वापरतात, आणि तिथे फोटो काढायला मनाई आहे. बंगळूरच्या एरो इंडियात आणि हवाई दल दिनाच्या संचलनात निघालेली छायाचित्रे एवढ्या कामाला पुरतात. पत्रा, रिव्हेट, झाकणांच्या कडा प्रत्यक्ष कशा दिसतात हे पाहायचे असेल तर पुण्याच्या कमला नेहरू उद्यानातले मरुत पाहून यावे. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी (आताची हिंदुस्थान एरोनॉटिक्स) आखलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. ते सुखोई नव्हे, पण त्याभोवती दहा मिनिटे फिरले की पत्र्यांचे सांधे किती बारीक असतात ते कळते. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. तो हवाई दलाचा असेलच असे नाही.

कामाचा क्रम किटमधल्या पत्रकात छापलेला असतो. कामशेतमध्ये त्यावर आणखी एक क्रम बसतो, तो ऋतूंचा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यात सातशेच्या आसपास. कामशेत या दोहोंच्या मधल्या उतारावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा दिवसचे दिवस ओलाव्याने भरलेली असते. अशा हवेत लॅकर रंग फवारला की त्यातले द्रावण झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. सावकाश उडणारे रिटार्डर थिनर मिसळले तर ही झाक कमी होते, जात नाही. पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक रंगाला झाक येत नाही, पण तो सुकायला इतका वेळ घेतो की दोन हातांच्या मध्ये धूळ बसते. फवारणीला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत आणि नळीत पाणी साचते ते निराळेच. पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर ते थेंब थेट पंखावर उडतात. म्हणून मावळात शहाणपण असे की कापणे, जोडणे, घासणे ही कामे पावसाळ्यात उरकावीत आणि रंग दसऱ्यानंतर काढावा. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, त्याच सुमारास.

जोडणीची सुरुवात भाग साच्याच्या चौकटीतून सोडवण्यापासून होते. ते पिळून तोडायचे नाहीत. निपरने भागापासून थोडे दूर कापून उरलेला खुंट ब्लेडने आणि वॉटरपेपरने उतरवायचा. भागांवर साच्यातले तेलकट आवरण असते. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन ते काढले नाही तर पुढे रंग सोलून निघतो. जोडायला लागणारा द्रव हा रूढ अर्थाने गोंद नाही. ॲसिटोन आणि ब्यूटाइल ॲसिटेट यांसारखी द्रावणे किटच्या प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिस्टायरीनचा, पृष्ठभाग क्षणभर विरघळवतात, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रावण उडाले की तिथे एकसंध प्लास्टिक उरते. म्हणून आधी भाग कोरडेच जुळवून पाहायचे, मग घट्ट धरून फटीच्या तोंडाशी कुंचल्याचे टोक टेकवायचे. द्रव स्वतःच आत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवणे सक्तीचे. धातूचे बारीक भाग आणि रेझिन या द्रावणाने जोडले जात नाहीत. तिथे फेविक्विक लागते. त्यातले सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे मावळच्या पावसाळ्यात ते हात सरळ करण्याआधी धरते. रंगाला नडणारा ओलावा इथे कामी येतो. कॉकपिटच्या पारदर्शक छताजवळ मात्र ते वापरू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धुरी बसते.

सुखोईचे धड आणि पंख वेगळे दाखवता येत नाहीत इतके एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यामुळे किटमध्ये धड डाव्या-उजव्या भागांत न येता बहुधा वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांत येते, आणि कॉकपिट त्याआधी पूर्ण करून आत बसवावे लागते. सर्वांत चिकट काम खालच्या दोन इनटेकचे. खोलवर जाणाऱ्या या पेट्यांच्या आतले सांधे बाहेरून दिसतात आणि तिथे वॉटरपेपर धरलेले बोट पोहोचत नाही. आधीच घासून, रंगवून मग बंद करणे हा सरळ मार्ग. उभ्या विमानाच्या इनटेकवर लाल झाकणे बसवून ती भानगडच टाळणे हा दुसरा, आणि तो लबाडीचा नाही; तळावर उभ्या विमानांवर अशी झाकणे असतातच. फटीत लांबी (पुट्टी) भरायची, एक दिवस थांबायचे, मग ४०० पासून १००० पर्यंतच्या वॉटरपेपरने घासायचे. मोठ्या खड्ड्यात एम-सीलही चालते. फुगीर पारदर्शक छतावर साच्याची रेघ मधोमध असेल तर ती घासून काढून काच पुन्हा गाडीच्या पॉलिशने चकचकीत करावी. ही रेघ राहिली तर बाकी सारे उत्तम होऊनही नजर तिथेच जाते.

लहान प्रमाण फसवते ते पत्र्यांच्या सांध्यांत. खऱ्या विमानावरची तीन मिलिमीटरची फट १/७२ मध्ये ०.०४ मिलिमीटर होते, डोळ्याला दिसणारही नाही एवढी. किटवर कोरलेली ०.२ मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची खाच ठरते. म्हणजे मॉडेलवरची प्रत्येक पॅनेलरेघ मुळातच अतिशयोक्ती आहे, आणि तिच्यात काळा रंग भरून ती आणखी ठळक करणे हा हौशी लोकांचा आवडता अतिरेक. राखाडी विमानावर गडद राखाडी पुरतो. रंगाच्या थराचेही तेच : ०.०५ मिलिमीटरचा थर म्हणजे विमानावर साडेतीन मिलिमीटरचा लेप. म्हणून रंग कुंचल्याऐवजी एअरब्रशने, पातळ करून, १५ ते २० पीएसआय दाबाने आणि अनेक विरळ हातांनी द्यायचा. मावळात दुपारी वारा सुटतो आणि धूळ उडते, त्यामुळे फवारणी सकाळी आटोपलेली बरी.

आधी राखाडी प्रायमर. तो रंग धरायला असतो आणि सांध्यांतल्या चुका दाखवायलाही; त्या दिसल्या की पुन्हा लांबीकडे. भारतीय एमकेआय बहुतेक एकसलग राखाडी असल्याने चित्रविचित्र छद्मरंगाचे मास्किंग वाचते. पण एकच रंग सपाट मारला तर मॉडेल खेळण्यासारखे दिसते. त्यात थोडा पांढरा मिसळून पत्र्यांच्या मध्यावर अगदी विरळ फवारे दिले की उन्हाने विटलेला पत्रा दिसू लागतो. इंजिनाभोवतीचा उघड्या धातूचा पट्टा हा सुखोईचा सर्वांत देखणा भाग आणि तिथे घाई चालत नाही. चकचकीत काळ्या रंगाचा गुळगुळीत तळ, त्यावर लॅकर जातीचा धातूरंग, आणि तापलेल्या टायटॅनियमच्या छटांसाठी पारदर्शक पिवळसर व निळ्या रंगांची नुसती झुळूक.

खुणांचे डिकल, म्हणजे कागदावरून सोडवून चिकटवायची छापील चित्रे, लावण्याआधी चकचकीत वार्निश द्यावे लागते. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी चट्टे दिसतात. केशरी रंगामागे पांढरा तळ छापलेला आहे ना हे आधी तपासावे, नाहीतर राखाडीवर तो विटकरी दिसतो. पावसाळ्यात पिवळ्या पडलेल्या डिकलच्या कागदाला खिडकीच्या काचेवर काही दिवस ऊन दाखवले तर पिवळेपणा बराच उतरतो. डिकल सुकल्यावर पातळ तैलरंग रेघांत सोडून पुसून घ्यायचा, शेवटी मॅट वार्निश, आणि मग चाके, अँटेना, नाकावरची नळी असे हमखास मोडणारे भाग सर्वांत शेवटी लावायचे.

तयार मॉडेल काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या बंद पेटीत ठेवावे आणि त्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. पुढच्या जूनमध्ये ती पुडी तापवून कोरडी करावी लागते. पेटी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये. कामशेतमध्ये पावसाळ्यात ओल बहुधा त्याच भिंतीला येते.