जलदान विधीनंतरचे दिवस

तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, चिंचपाडा, इलठणपाडा या आपल्या वस्त्यांमध्ये जालना, बीड, परभणी, बुलढाणा, यवतमाळकडची घरं पुष्कळ आहेत. काही १९७२च्या दुष्काळात आलेली, काही अगदी अलीकडची. आम्ही आरोग्याच्या कामासाठी दारोदार जातो तेव्हा बी.पी., शुगर, पाळीचा त्रास, सगळं बायका मोकळेपणी सांगतात. पण गावाकडे नवरा किंवा भाऊ कसा गेला हे विचारलं की उत्तर ठरलेलं : "अटॅक आला." तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं की अटॅक नव्हता. नापिकी होती, देणं होतं, घरात कुरबुर होती, दारूही होती, आणि माणसाने स्वतःचा जीव दिला होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं १९ मार्च १९८६ रोजी गेली. त्या तारखेला आजही अनेक ठिकाणी एक दिवस अन्नत्याग करतात. पण शेतीतलं मरण म्हटलं की डोळ्यांपुढे सातबारावाला शेतकरीच येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२चे आकडे पाहा. देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या ४,२४८ महाराष्ट्रातल्या. त्या ११,२९० मध्ये शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. आपली बहुतेक माणसं या दुसऱ्या आकड्यातली. नाहीतर बटईने करणारी, गायरान कसणारी.

राज्य सरकारची एक लाखाची मदत आहे. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी कुटुंबाच्या नावावर जमीन लागते, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज लागतं. गायरानाला सातबारा कुठला, आणि हातउसन्या पैशाला पावती कुठली? मग प्रकरण 'अपात्र' ठरतं. हा कागदावरचा शब्द बाईच्या मनात फार खोल जातो. एक ताई आम्हाला म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं मरणसुद्धा खोटं धरलं." त्यानंतर त्यांनी नवऱ्याचा विषयच बंद केला. मार्केटात कांदा निवडायला जायच्या, रात्री छातीत धडधडायचं. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळा चांगला आला.

दुःख असं अंगातून बोलतं. डोकं जड, झोप नाही, जेवण नको, मुंग्या येतात, कामात हात चालत नाही. तपासणी करावीच, ती टाळू नये. पण रिपोर्ट चांगले आले की "नाटकं करते" म्हणू नये. दुःख हा आजार नाही. मात्र सहा महिने उलटूनही माणूस त्याच दिवशी अडकून राहिला, रोजचं कामकाज सुटलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला उपचार लागणारा त्रास मानते.

आपल्याकडे जलदान विधीला घर भरतं. वंदना होते, लोक आठवणी सांगतात, जेवण होतं. दुसऱ्या दिवसापासून दार वाजत नाही. खरी गरज तिथून पुढे असते. विहारातल्या महिला मंडळांना आमचं म्हणणं एवढंच की दोघी-दोघींनी वार वाटून घ्या आणि त्या घरी अर्धा तास बसा. "आता पोरांकडे बघ", "मन घट्ट कर" ही वाक्यं टाळा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. तो कसा होता, काय पिकवायचा, ते विचारा. "तू आधी ओळखायला पाहिजे होतंस" हे तर कोणीच म्हणू नये. पुरुष मंडळी या बाबतीत फारच मुकी असतात. चार अपत्यं गमावलेल्या बाबासाहेबांनीही १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर आपलं दुःख दत्तोबा पवारांना पत्र लिहून मोकळं केलं होतं.

मुलांना "बाबा गावाला गेले" असं सांगू नका. आज ना उद्या दुसऱ्याच्या तोंडून कळतं. बाबा वारले, ते मनाने फार आजारी होते, यात तुझी काही चूक नाही, एवढं साध्या शब्दांत सांगितलं की पुरतं.

कोणी "मीही जाते आता" म्हणत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, अचानक गप्प झालं असेल, तर एकटं सोडू नका. जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट ओझं उतरतं. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातही सांगा.

पैशाची बाजूही बघावी लागते. 'अपात्र' ठरलेल्या घरालाही दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार मिळू शकतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान आहे. त्यात मरण कशाने आलं हा प्रश्न येत नाही. रेशनकार्ड अजून गावचंच असेल तर आधी तिथल्या तलाठ्याकडे चौकशी करा, आणि तहसीलला बाईला एकटीला पाठवू नका.

आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की अशा घरी चक्कर मारा. इथे तुर्भ्यात गटारं तुंबतात, पण तिला गावाकडची पेरणी आठवते, आणि त्या आठवड्यात तिची झोप हमखास उडते.